घरघंटीची जाहिरात, एक पेज आणि ४७ ईमेल

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमची पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. गेलं दीड वर्ष दुपारी गिरणी बंद असते त्या वेळात मी ॲफिलिएटचं काम करते. गूगलवर घरघंटीच्या जाहिराती लावायच्या आणि माझ्या लिंकवरून कुणी घेतली की ४५० रुपये कमिशन. राजारामपुरीतल्या एका जोडप्याकडून मी लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केलं की उघडतं ते पान) आणि ईमेलची सोय करून घेतली, त्याचा हा अनुभव. दोघंच काम करतात आणि हातातली कामं उरकेपर्यंत नवीन घेणार नाहीत, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून नाव लिहीत नाही.

आधी मी जाहिरात थेट दुकानाच्या पानावर सोडत होते. क्लिकला साधारण ७ रुपये पडायचे. ४०० क्लिकना २,८०० रुपये गेले आणि विक्री झाली तीन, म्हणजे हातात १,३५०. हिशोब सरळ आहे, ६४ क्लिकमागे एक तरी विक्री झाली तरच पैसे निघतात. मग एकाकडून स्वस्तात पेज करून घेतलं. त्यावर एक फोटो आणि एक बटण, बाकी काही नाही. गूगलनं ती जाहिरात नामंजूर केली. माणसाला फक्त दुसरीकडे पाठवण्यासाठी केलेलं पान त्यांच्या नियमात बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. पेज करणाऱ्यानं नंतर फोनच उचलला नाही.

राजारामपुरीच्या दोघांनी पहिल्या दिवशी संगणक उघडलाच नाही. "वहिनी, गिरणीत बायका घरघंटीबद्दल काय विचारतात ते सांगा," एवढंच म्हणाले. मी तासभर बोलत होते. ज्वारीचं पीठ भाकरीला चिकट येईल का, जाळी कुठली लावायची, आवाज किती, वीजबिल किती. १ एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, तासभर पूर्ण भारावर चालली तर निदान पाऊण युनिट, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगत असते. तेच सगळं त्यांनी पेजवर घेतलं, माझ्याच शब्दांत. लोक "ज्वारीसाठी घरघंटी" असं शोधतात, म्हणून पेजचा मथळाही तोच ठेवला. गूगल प्रत्येक शोधशब्दाला १ ते १० असा क्वालिटी स्कोर देतं. त्यात जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते आणि पेजचा अनुभव अशा तीन गोष्टी बघतात. माझा स्कोर ४ वरून ७ वर गेला आणि क्लिक ६ रुपयांवर आला.

पण खरी किंमत मी ईमेलच्या रकान्याला देते. पंधरा-वीस हजारांची वस्तू कोण पहिल्या क्लिकला घेतं? घरी विचारतात, पगाराची वाट बघतात. मला कमिशन देणाऱ्या कंपनीची कुकी, म्हणजे माणूस माझ्या लिंकवरून आला याची ब्राउझरमधली खूण, २४ तासच टिकते, म्हणजे चार दिवसांनी त्या बाईनं घरघंटी घेतली तरी मला काही नाही. म्हणून पेजवर एक पानाची पीडीएफ ठेवली, "घरघंटी घेण्याआधी विचारायचे ९ प्रश्न". ईमेल दिला की ती मिळते. मला नाव, गाव, फोन नंबर सगळंच हवं होतं. त्या जोडप्यातल्या ताई म्हणाल्या, "वहिनी, फोनचा रकाना काढूया. नंबर मागितला की माणूस पळतो." काढला, आणि त्यांचंच खरं ठरलं.

ईमेल आला की आधी एक खात्रीचं पत्र जातं. त्यातल्या बटणावर बोट ठेवल्याशिवाय पुढचं काही जात नाही. ४०० क्लिकमधून ६१ ईमेल आले, पक्के झाले ४७. काहींनी जीमेल डॉट कॉम ऐवजी डॉट कॉन लिहिलं होतं, ते इथेच गळाले. पत्र खरंच माझ्याकडूनच आलंय हे ओळखू यावं म्हणून माझ्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम नावाच्या नोंदी लावून दिल्या. त्याशिवाय पत्र स्पॅममध्ये जायची भीती असते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं हे नियम कडक केलेत. प्रत्येक पत्राखाली यादीतून नाव काढायची लिंक आहे. पत्रातली लिंकही थेट दुकानाची नसते, माझ्या पेजची असते, म्हणजे वाचणारी आधी माझं म्हणणं बघते.

तक्रार दोन गोष्टींची. या दोघांनी सुरुवातीला पेजवर गिरणीचा ३ एमबीचा फोटो तसाच टाकला होता. आजऱ्याला मावशीच्या फोनवर पान उघडेपर्यंत तिनं फोन खाली ठेवला. तीनदा फोन केल्यावर आठवड्यानं दुरुस्त झालं, आणि तो आठवडा जाहिरातीचे पैसे चालूच होते. दुसरं, मला कमिशन मिळतं हे पेजवर कुठेच लिहिलं नव्हतं. मी हट्टानं बटणाच्या वर ठळक लिहून घेतलं. गिरणीत आमच्या वजनाच्या काट्यावर लोकांचा विश्वास आहे, तो इथे घालवायचा नाही.

सहा आठवड्यांत पुन्हा ४०० क्लिक झाले, २,४०० रुपयांचे. पेजवरून लगेच पाच विक्री आणि पत्रांमुळे चार, मिळून ४,०५०. त्यांचे महिन्याचे ८०० असे दोनदा गेले, म्हणजे हातात ५० रुपये उरले. सुरुवातीला दिलेले ६,५०० अजून निघायचे आहेत. तरी मी समाधानी आहे, कारण चारातली एक विक्री एकतिसाव्या दिवशी झाली. गारगोटीच्या त्या बाईंनी पत्राला उत्तर पाठवून नाचणीसाठी कुठली जाळी लावू असं विचारलं होतं.

यंत्राच्या ब्रँडचं नाव शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवायला, म्हणजे त्या नावावर बोली लावायला, मला कमिशन देणाऱ्या कंपनीची बंदी आहे. तुमच्या कंपनीच्या अटी काम देण्याआधी स्वतः वाचा, हे दोघं त्यात बघत नाहीत.

आता त्यांना मिरची कांडप यंत्राचं पेज सांगितलंय. उन्हाळ्यात चटण्या सुरू व्हायच्या आत ते चालू झालं पाहिजे, आणि या वेळी फोटो मी आधीच लहान करून दिलेत.