सिंडिकेटचा पहिला डेक: नाणी साठवायची की उडवायची?

ग्वेंट या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात सिंडिकेट हा नाण्यांवर चालणारा गट नव्याने हाती घेतलेल्या आर्वीकडच्या एका दोस्ताचा प्रश्न आहे: होर्डचा (नाणी साठवून फायदा घेणारा) डेक बांधू की फीचा (नाणी खर्चून पत्त्यांची करामत वापरणारा)? दोन्हीकडे किमान २५ पत्ते, त्यात किमान १३ युनिट (पटावर उतरणारे सैनिक-पत्ते), आणि जवळ जास्तीत जास्त ९ नाणी.

मेख त्या नऊमध्येच आहे. सात नाणी असताना चारचं प्रॉफिट कार्ड (टाकताच नाणी देणारं) टाकलं, की दोन वाया. होर्डमध्ये हे फार होतं, कारण ठरावीक नाणी जवळ ठेवल्याशिवाय फायदाच मिळत नाही. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवला आणि नव्या वेच्याला जागा उरली नाही, अगदी तसं. म्हणून नाणी खपवणारे दोन-तीन छोटे पत्ते त्यातही हवेतच.

फीमध्ये उलटं दुखणं. खर्चणारं युनिट समोरच्याने लॉक केलं, म्हणजे त्याची करामत बंद पाडली, की नाणी अडकतात, आणि अडकलेल्या नाण्यांना गुण नाहीत. अशी किमान चार युनिट ठेवा. सगळ्यात हलकं आधी टाका, लॉक त्यावर जाऊ द्या.

स्क्रॅप्सचं, म्हणजे पत्ते बनवायच्या कच्च्या मालाचं, म्हणाल तर कॉमन पत्त्याला ३०, दुर्मीळ लेजंडरीला ८००. दोन्हीत आधी ब्राँझच्या, म्हणजे डेकमध्ये दोन प्रती चालणाऱ्या साध्या पत्त्यांच्या, जोड्या पुऱ्या करा.

फीमध्ये एका चालीत बरंच टॅपिंग असतं आणि वेळ धावत असतो. गावात नेट रखडत असेल तर होर्ड घ्या. रेंज चांगली आणि आकडेमोड पक्की असेल, तर फी.