मक्यातल्या तणासाठी लॉडिस: पैसे कधी वसूल, कधी वाया

खरीप मक्यात पेरणीनंतरचे पहिले 30 ते 45 दिवस तण आटोक्यात राहिलं पाहिजे. नेमक्या याच दिवसांत पावसामुळे वाफसा येत नाही, कोळपं चालत नाही आणि खुरपणीला मजूर मिळत नाहीत. म्हणून उगवणीनंतरच्या तणनाशकांना मागणी आहे आणि त्यात बायरचं लॉडिस दुकानात सर्वांत आधी पुढे केलं जातं. औषध चांगलंच आहे. मात्र वेळ, स्टिकर (औषध पानावर पसरवणारा द्रव) आणि अ‍ॅट्राझीन (जोडीला घ्यायचं तणनाशक) या तीन गोष्टी सांभाळल्या तरच ते महागाचे पैसे फेडतं.

बाटलीत टेंबोट्रायोन वजनानं 34.4 टक्के एससी (दाट द्रवरूप) आहे, म्हणजे लिटरमागे 420 ग्रॅम क्रियाशील घटक. एकरी मात्रा 115 मिली आणि सोबत 400 मिली सरफॅक्टंट, ज्याला आपण स्टिकर म्हणतो. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याचं उन्हापासून रक्षण करणारी रंगद्रव्यं तणात तयार होणं हे औषध थांबवतं. तीन ते पाच दिवसांत तणाचा कोवळा शेंडा पांढरा पडतो, मग करपतो आणि दहा-पंधरा दिवसांत झाड वाळतं. हे सगळं उन्हाच्या जोरावर होतं. आभाळ भरून असेल तर पांढरेपणा उशिरा दिसतो, म्हणून चौथ्या दिवशी ‘काहीच झालं नाही’ म्हणत दुसरा हात मारू नये. मक्याला वाचवण्यासाठी औषधातच आयसोक्साडायफेन नावाचा संरक्षक घटक घातलेला आहे. तरीही एखाद्या पानावर पांढरट पट्टे आले, तर नवीन पानं हिरवी निघतात का ते पाहावं. निघत असतील तर चिंता नको.

वेळेबाबत तडजोड चालत नाही. तण दोन ते चार पानांचं हवं, मका साधारण 15 ते 20 दिवसांचा. दिवस मोजण्यापेक्षा वाकून तण पाहावं, कारण पाऊस चांगला झाला तर माठ आणि शिप्पी पंधराव्या दिवशीच सहा पानांवर गेलेले असतात. त्यानंतर दोन अडचणी एकदम येतात. तण मोठं झाल्यावर त्याच मात्रेत नुसतं पांढरं पडून पुन्हा फुटतं आणि मक्याची पानं एकमेकांत गुंतल्यामुळे ओळीतल्या तणावर फवारा पोचतच नाही. ‘लॉडिस चाललं नाही’ अशी तक्रार आली की आधी फवारणीच्या दिवशी तण किती पानांचं होतं, हे विचारावं.

स्टिकरबद्दल स्पष्टच सांगतो. सोबतचा सरफॅक्टंट दुकानात संपला म्हणून कोणतंही सुटं स्टिकर पुडीसारखं हातात टेकवलं जातं. हे औषध पानाच्या मेणचट थरातून आत गेलं तरच काम करतं. सरफॅक्टंटची मात्रा निम्मी केली की गवतवर्गीय तणावरचा परिणाम आधी कमी होतो. लेबलवर सांगितलेलाच घ्यावा, नसेल तर दुसऱ्या दुकानात जावं.

अ‍ॅट्राझीन 50 टक्के पावडर एकरी 500 ग्रॅम सोबत घेतली तर निकालात ठळक फरक पडतो. टेंबोट्रायोनला जमिनीतली पकड फारशी नाही, त्यामुळे फवारणीनंतर उगवणारी दुसरी खेप अ‍ॅट्राझीन रोखतं. शिवाय दोघांचा मारा एकमेकांना पूरक असल्यानं तण लवकर करपतं. पेरणीनंतर लगेच अ‍ॅट्राझीन टाकलेलं असेल तर पुन्हा टाकताना हंगामातली एकूण मात्रा मोजावी. आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या काळ्या जमिनीत अ‍ॅट्राझीन सावकाश विघटित होतं. पाऊस कमी पडला तर रब्बीच्या हरभऱ्याला किंवा कांद्याला त्याचा फटका बसू शकतो.

आता पंपाचा हिशेब, कारण इथेच सर्वांत जास्त गडबड होते. एकरी 200 लिटर पाणी धरलं तर 15 लिटरचे 13 पंप होतात. 115 मिलीचे तेरा वाटे म्हणजे पंपाला 9 मिलीपेक्षाही कमी, ते झाकणानं मोजण्यात चूक ठरलेलीच. त्यापेक्षा 115 मिली औषधात पाणी घालून एकूण 1300 मिली द्रावण करावं आणि प्रत्येक पंपाला 100 मिली घ्यावं. अ‍ॅट्राझीन वेगळ्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून 13 लिटर करावं. पंपाला एक लिटर घेताना प्रत्येक वेळी काठीनं तळापासून ढवळावं, पावडर खाली बसते. पंपात निम्मं पाणी, त्यात अ‍ॅट्राझीन, मग टेंबोट्रायोन, पाणी भरत आणून शेवटी 30 मिली स्टिकर, हा क्रम ठेवावा. स्टिकर आधी टाकलं की फेस होतो.

तेरा पंपांत 40 गुंठे म्हणजे एका पंपात तीन गुंठे. बांधाला 33 फूट रुंद आणि 99 फूट लांब पट्टा आखावा, साधं पाणी भरून नेहमीच्या चालीनं फवारावा. पंप आधीच संपला तर चाल वाढवावी किंवा दाब कमी करावा. बॅटरी पंपावर हे आवर्जून करावं, कारण त्याचा प्रवाह जास्त असतो आणि नकळत दीडपट औषध पडतं. नोझल चपट्या फवाऱ्याचं, म्हणजे फ्लॅट फॅन. जमिनीत ओल हवी, वारा शांत हवा आणि पुढचे तीन-चार तास पाऊस नको. दुपारी उन्हानं तण मलूल झालेलं असताना फवारू नये.

लष्करी अळीचं औषध याच टाकीत ढकलण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा. अळीचं औषध पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या पानांत, जायला हवं, तणनाशक तणावर. एकाच चपट्या फवाऱ्यात दोन्ही कामं नीट होत नाहीत आणि पोंग्यात तणनाशक, स्टिकर साचलं तर मक्यालाच त्रास होतो. दोन फवारण्या वेगळ्या करा.

माठ, घोळ, शिप्पी आणि बहुतेक हंगामी तण वेळेवर फवारलं तर नीट मरतं. लव्हाळा आणि हराळी मात्र जमिनीखालच्या गाठी आणि मुळांवर पुन्हा फुटतात. लव्हाळाच मुख्य असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के, एकरी 36 ग्रॅम, हा मक्यातला योग्य पर्याय. बाजारात टोप्रामेझोनही आहे. ते टेंबोट्रायोनच्याच गटातलं आहे, म्हणजे तणाला त्याच पद्धतीनं मारतं, त्यामुळे यंदा हे, पुढच्या वर्षी ते केल्यानं औषध बदललं असं होत नाही. गट बदलायचा तर अ‍ॅट्राझीन, कोळपणी, पिकाची फेरपालट यांचा आधार घ्या.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. मक्यात तूर, सोयाबीन, उडीद अशी मिसळ असेल तर आंतरपीक जाईल. ज्वारी, बाजरीत तर हात लावू नये. स्वीट कॉर्नच्या काही वाणांना आणि बीजोत्पादनाच्या नर-मादी ओळींना इजा होऊ शकते, म्हणून कंपनीला विचारून आधी दोन ओळींवर पाहावं. शेजारी कपाशी किंवा भाजीपाला असेल तर वाऱ्याची दिशा पाहून बांधाजवळच्या दोन ओळी खुरप्यानं घ्या. फवारलेलं तण जनावरांना टाकू नका. पंप तीन वेळा धुवा, नोझल आणि गाळणी काढून वेगळी धुवा, कारण त्याच पंपानं पुढे कपाशी फवारली तर उरलेलं औषध पानं पांढरी करतं.