रुंगहोल्ट : साताऱ्यातील एक सशुल्क सचित्र व्याख्यान

पोवई नाक्याजवळ एका अभ्यासवर्गाने आयोजित केलेले हे व्याख्यान उत्तर समुद्राच्या जर्मन किनाऱ्यावरील रुंगहोल्ट या बुडालेल्या व्यापारी वसाहतीविषयी होते आणि तिकिटाच्या मानाने ते निश्चितच सरस ठरले. जानेवारी १३६२ च्या वादळी महापुरात ही वसाहत नष्ट झाली, एवढे कोणीही सांगेल; परंतु मिठासाठी तेथील दलदलीची क्षारयुक्त माती खणून काढल्याने आणि बंधारे घालून केलेल्या निचऱ्याने जमीन आधीच खचत गेली होती, हे वक्त्यांनी नकाशांच्या आधारे फार नेमकेपणाने उलगडले. कोयनेच्या जलाशयाखाली गेलेली गावे ठाऊक असलेल्या श्रोत्यांना हा भाग विशेष भिडला असावा.

दंतकथा मात्र अंमळ घाईने आटोपली. मद्यधुंद श्रीमंतांनी डुकरिणीला रुग्णासारखे निजवून पाद्र्याला तिच्यावर मरणासन्नासाठीचा अखेरचा धर्मविधी करण्यास फर्मावले, म्हणून देवाचा कोप झाला, ही कथा शेकडो वर्षे टिकली याचीच चर्चा व्हायला हवी होती. त्याची भरपाई पुरातत्त्वाने केली. शेतकरी-संशोधक आंद्रेआस बुश यांना १९२० च्या दशकात चिखलात सापडलेले जलद्वारांचे अवशेष आणि २०२३ मध्ये चुंबकीय मोजणीतून सुडफाल या छोट्या बेटाजवळ उमटलेला, सुमारे ४० मीटर लांब व १५ मीटर रुंद चर्चचा आराखडा ही चित्रे पाहण्यासारखी होती. प्रक्षेपकाचा उजेड मंद असल्याने मागच्या रांगा टाळाव्यात.