'इस्तवार द मेलोदी नेल्सन': काही महिने ऐकल्यानंतर

फ्रेंच गायक-गीतकार सर्ज गेन्सबूरची १९७१ची ही एलपी (मोठी ग्रामोफोन तबकडी) गेले काही महिने माझ्याकडे आहे. नावाचा अर्थ 'मेलोदी नेल्सनची गोष्ट'. अस्सल जुनी प्रत नाही, नंतर पुन्हा काढलेली. सात गाणी, दोन्ही बाजू मिळून जेमतेम २८ मिनिटं. एवढ्याशा संगीतासाठी एलपीचे पैसे मोजावेत का? मोजावेत. अजून एकदाही ती अर्ध्यात थांबवावीशी वाटलेली नाही.

पहिलं गाणं साडेसात मिनिटांचं आहे. बेस, ड्रम, मधूनच खरखरीत गिटार, आणि कानाशी येऊन बोलणारा आवाज. गेन्सबूर इथे गातो कमी, बोलतो जास्त. व्हायोलिनं उशिरा येतात आणि आली की अंगावर येतात. ही करामत संगीतसंयोजक झाँ-क्लोद व्हानिएची. छोट्या स्पीकरवर बेस पार हरवतो, म्हणून चांगल्या हेडफोनवरच ऐका. तेव्हा कळतं की बेस आणि आवाज यांच्यामधली जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. चित्रात कोरा कॅनव्हास राखून ठेवतात, तशी.

कारण हा माणूस मुळात चित्रकार. १९२८ साली पॅरिसमध्ये, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मला. खरं नाव ल्युसिएँ गिन्सबुर्ग. वडील पियानोवादक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये कोवळ्या वयात त्याला ज्यूंवर सक्तीचा असलेला पिवळा तारा कपड्यांवर लावून फिरावं लागलं. पुढे तो चित्रकला शिकला, आँद्रे लोत आणि फेर्नाँ लेजे यांच्यासारख्या चित्रकारांच्या हाताखाली. पोटासाठी बारमध्ये पियानो वाजवायचा. तिशीच्या आसपास त्यानं चित्रकला सोडली आणि आपली बहुतेक चित्रं नष्ट केली. १९५८ला पहिला अल्बम आला. पण चित्रकला ही थोर कला आणि गाणं दुय्यम, हे मत त्यानं सोडलं नाही. १९८६ साली टीव्हीवर गायक गी बेआरशी तो यावरून चांगलाच भांडला. मला त्याचं म्हणणं पटत नाही, आणि ही एलपी माझा पुरावा आहे. त्याच्यातला चित्रकार इथे पुरता जिवंत आहे.

एक गोष्ट घेण्याआधी माहीत असावी. सगळी गाणी मिळून एकच कथा सांगतात. तिच्यात एका प्रौढ माणसाची रोल्स-रॉइस सायकलवरच्या मेलोदीला धडकते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. संगीत कितीही सुंदर असलं तरी हे खुपतं, दर वेळी. हॉटेलच्या खोलीतलं गाणं घरात मुलं असताना मी लावत नाही.

फ्रेंच येत नसेल तर शब्दांचा अर्थ एकदा वाचून घ्या, मग शेवटच्या गाण्यातला कोरस जास्त भिडतो.

पुढची घ्यायची तर १९७६ची 'लोम आ तेत द शू'. डोक्याच्या जागी कोबी असलेल्या माणसाचं क्लोद लालान या शिल्पकर्तीचं शिल्प गेन्सबूरनं विकत घेतलं होतं. नाव त्यावरून, आणि कव्हरवरही तेच. ऐंशीच्या दशकातले त्याचे शेवटचे अल्बम मात्र मी पुन्हा लावले नाहीत. तिथे यंत्रावरचे ड्रम ती मोकळी जागा खाऊन टाकतात.