साठ हर्ट्झचं स्पूल मशीन, पुण्याची वीज आणि आजीची काळी चार : आठ महिन्यांनंतर

मशीनची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही. सत्तरच्या दशकातला जपानी स्पूल टेप रेकॉर्डर, एकच मोटर, तीन हेड (टेप पुसणारं, भरणारं, वाजवणारं), सात इंची स्पूल. आत्याने न्यू जर्सीत घेतलेलं. तिचं घर आवरताना आतेभावाने ते बॅगेत घालून आणलं, कपडे तिकडेच टाकून. मागे व्होल्टेजचा खटका आहे. तो ११० वरून २२० वर केला, दिवे लागले, स्पूल फिरले. मी खूश. फुकटात मिळालेल्या वस्तूवर माणूस फार लवकर खूश होतो.

पहिले दोन महिने साफसफाईत गेले. मोटरच्या पट्ट्याचं डांबर झालं होतं. ते स्पिरिटने पुसताना दोन बनियन गेले. टेप दाबून पुढे सरकवणारा पिंच रोलर दगड झालेला, तो नवीन रबर चढवून घेतला. हेड पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, कोलोन वगैरे नको. हेड डीमॅग्नेटाइझ करताना, म्हणजे त्यात साठलेलं चुंबकत्व विजेच्या कांडीने काढताना, मशीन बंद हवं आणि कांडी हातभर लांब नेऊनच तिचं बटण बंद करायचं. हे सगळं झाल्यावर आवाज गोड आला. जरा जास्तच गोड, पण ते तेव्हा कळलं नाही.

मग मिरजेहून आजीची टेप आणली. १९७१, घरगुती भजन, आजी आणि पेटी, बाराशे फुटांचा स्पूल. खोक्यावर आजोबांच्या अक्षरात ‘वेग १९, वेळ ३२ मि.’ (१९ म्हणजे सेकंदाला १९ सेंटिमीटर). आई समोर बसली. दोन ओळी झाल्या आणि म्हणाली, “अरे, हा आईचा आवाज नाही. हा बाबांचा वाटतोय.” आजोबा कधीही गायले नाहीत. तिने पेटी काढली (टेपमध्ये वाजते तीच) आणि पट्ट्या चाचपल्या. आजी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गायची. मशीनमधली आजी पांढरी चारच्याही किंचित खाली होती. टेप संपायला अडतीस मिनिटं चोवीस सेकंद, म्हणजे ३८.४ मिनिटं लागली.

मी मशीन दुरुस्तीवाल्याकडे नेलं आणि इथून माझं डोकं तापलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याने मशीन सहा आठवडे ठेवून घेतलं, हेड बदलायला नऊ हजार सांगितले, वर ऐकवलं, “साहेब, जुन्या मशीनचा आवाज असाच जाड असतो.” मी म्हटलं, पट्टी उतरलीय. त्यावर त्याने माईक लावून स्वतःचं ‘हॅलो हॅलो’ रेकॉर्ड केलं, तिथल्या तिथे वाजवून दाखवलं. “बघा, ओके आहे.” होतंही ओके! ज्या चुकीच्या वेगाने भरलं त्याच चुकीच्या वेगाने वाजवलं तर ओकेच येणार. तपासणीचे पाचशे घेतले. ते पाचशे मी अजून विसरलेलो नाही.

तोपर्यंत मीही मशीनलाच शिव्या देत होतो. रात्री झोप येईना म्हणून गणित मांडलं, ३२ भागिले ३८.४. बरोबर पाच षष्ठांश. म्हणजे ५० भागिले ६०. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० आवर्तनं), आपली ५० ची, आणि या मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर चालतो. व्होल्टेजचा खटका हर्ट्झला हात लावत नाही. त्यामुळे सगळं, काळ्या-पांढऱ्या मिळून, तीन पट्ट्यांहून किंचित जास्त खाली. रेव्हॉक्सच्या ए-७७ या स्पूल मशीनमध्ये हा प्रकार नाही, त्याच्या कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं, वीज कुठलीही असो. पण त्याची आज मागतात ती किंमत ऐकून मी पंख्याखाली बसलो. म्हणजे मशीनने काहीच गुन्हा केला नव्हता. बिचारं न्यू जर्सीच्या हिशेबाने फिरत होतं. मोटर हात ठेववणार नाही इतकी तापायची, तीही त्यामुळेच.

उपाय दोन. ६० हर्ट्झ देणारा इन्व्हर्टर, एकाने अठरा हजार सांगितले. किंवा मोटरवरची पुली १.२ पट मोठी करणं. अर्थातच पुली. जुनी १२ मिलिमीटर, म्हणून नवी १४.४. भोसरीत एका टर्नरने पितळेची करून दिली, ६५० रुपये. मोटरला कपॅसिटरही मोठा लागला, १८०.

लावली. आजी परत आली. आई रडली, तो भाग सोडतो.

पण मला एक घरघर खुपत होती. बारीक, दर अडीच सेकंदांनी फुगणारी आणि ओसरणारी. लाइन-आउट लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं. एक टोक ५० हर्ट्झवर, ते माझ्या मशीनचं. दुसरं ४९.६ वर, ते टेपमध्ये १९७१ साली भरलं गेलेलं मिरजेच्या विजेचं गुणगुणणं. दोन्हींतल्या फरकानेच ते फुगणं-ओसरणं. टेपमधलंही माझ्याकडे ५० वर यायला हवं होतं. म्हणजे पुली अजून कमी. चूक टर्नरची नव्हे, माझी. पट्ट्याला जाडी असते. ०.६ मिलिमीटरचा पट्टा धरून व्यास मोजायचा, १२.६ च्या १.२ पट १५.१२, त्यातून पट्टा वजा, १४.५२. दुसरी पुली, पुन्हा ६५०. टर्नर म्हणाला, “काका, बाराशतांश मिलिमीटरसाठी?” हो, बाराशतांशसाठी. घरघरीचं फुगणं थांबलं.

एक सावधगिरी. पुली बदलण्याआधी इथे काही रेकॉर्ड केलं असेल तर ते आता वीस टक्के जोरात पळतं. मी आकाशवाणीच्या तीन मैफली भरल्या होत्या. नात त्या ऐकून लोळते.

खर्चाला पाचशे जमेस धरू नका म्हणते बायको, मी धरतो. घ्यावं का? फुकट मिळालं तर घ्या. विकत घेताना मागच्या पट्टीवर ५० लिहिलंय की ६० ते आधी वाचा, व्होल्टेज नंतर.

परवा आई पेटी घेऊन बसली. टेप लावली, काळी चार दाबून ऐकत राहिली आणि म्हणाली, “जरा चढलीय रे.” मला ऐकू आलं होतं, पण बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी मिरजेची वीज ५० च्या जरा खाली असेल, तर तिथलं मशीनही तेवढंच हळू चाललं असणार, आणि माझ्याकडे आजी तेवढीच वर जाणार. घरघर यात मदत करत नाही. ती मशीनबरोबरच हळू झाली, म्हणून इकडे बरोबर ५० च दाखवते. मी आईला सांगितलं, पेटी उतरलीय. तिने माझ्याकडे पाहिलं, भाता बंद केला आणि चहा टाकायला उठली.