बाबांसाठी घेतलेला खिशातला गॅमा डिटेक्टर, सहा महिने वापरून (नेरूळ)

बाबांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं यावर घरी बरीच चर्चा झाली, शेवटी मी हट्टाने हा गॅमा स्पेक्ट्रोमीटर मागवला, म्हणजे गॅमा किरणांची ऊर्जा मोजून ते कुठल्या किरणोत्सर्गी पदार्थातून आले ते ओळखणारं यंत्र. मुठीत मावतो, आत १ घन सेंटिमीटरचा सीझियम आयोडाइडचा क्रिस्टल (गॅमा किरण आत आला की चमकतो), ती चमक टिपायला त्याला लावलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, आणि ब्लूटूथने फोनला जोडायचा. बाहेरून येतो, कस्टम धरून तीस हजाराच्या वर गेला. फेब्रुवारीत आला, आता ऑगस्ट, रोज वापरात आहे म्हणून लिहितेय.

बाबा ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात होते, अख्खी नोकरी डिटेक्टरमध्येच गेली. आधी सोडियम आयोडाइडचे क्रिस्टल, मग माउंट अबूला गुरुशिखरजवळची टॅक्टिक दुर्बीण. आकाशातून येणारे गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, वरच्या हवेतच संपतात, पण संपताना जो कणांचा सडा पडतो त्याचा निळसर चेरेन्कॉव प्रकाश काही नॅनोसेकंदच चमकतो, तो टिपायचा. त्यासाठी काळीकुट्ट रात्र लागते. म्हणून अमावस्या जवळ आली की बाबांची बॅग भरलेली, आणि लक्ष्मीपूजन नेमकं अमावस्येलाच, त्यामुळे लहानपणच्या कितीतरी दिवाळ्या आई, दादा आणि मी तिघांनीच केल्या. १९९७ ला मार्केरियन ५०१ ही आकाशगंगा भडकली आणि टॅक्टिकला सिग्नल मिळाला, तेव्हा त्यांनी एसटीडी बूथवरून फोन केला होता, आईला त्यातलं काही कळलं नाही पण आवाजावरून सगळं कळलं.

तर हा डबा हातात घेऊन बाबा आधी म्हणाले, एवढ्याशा क्रिस्टलला काय दिसणार गं? त्यांच्या टेबलावर फोटोमल्टिप्लायर ट्यूब असायची, तिला हजारेक व्होल्टचा हाय व्होल्टेज, वेगळा अॅम्प्लिफायर, आणि किरणांची ऊर्जेनुसार मोजणी करणारा मल्टिचॅनल अॅनालायझर तर कपाटाएवढा. इथे तेच सगळं फोनवर. रात्री त्यांनी कमी सोडियमच्या मिठाच्या पुड्यावर (त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं) ठेवून दिला, सकाळी आलेखात १४६१ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला पोटॅशियम ४० चा (पोटॅशियममध्ये निसर्गतःच असणारा किरणोत्सर्गी प्रकार) छोटा पण स्पष्ट उंचवटा. चहा तसाच ठेवून मला उठवायला आले. केळ्यावर ठेवून मात्र काही दिसत नाही, इंटरनेटवर काहीही सांगतात, १ सीसी क्रिस्टलला केळं पुरत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक स्वस्तातला गायगर काउंटर घेतला होता, तो नुसता टिकटिक करतो आणि आकडा दाखवतो. आकडा वाढला तर का वाढला ते कोण सांगणार? फरक कळला तो पनवेल लोकलमध्ये. गोवंडीला अचानक अलार्म वाजला, मी घाबरले, बाबांनी स्पेक्ट्रम, म्हणजे ऊर्जेनुसार आलेख, उघडला, १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला एकच टोकदार पीक, म्हणजे उंचवटा. म्हणाले टेक्नेशियम आहे, हॉस्पिटलात स्कॅनसाठी टोचतात ते, कुणीतरी स्कॅन करून घरी चाललंय, सहा तासांत निम्मं होतं, काळजी नाही. आणि लगेच अलार्म बंद केला, त्या बिचाऱ्या पेशंटला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून. तेव्हापासून आमचा अलार्म बंदच असतो, तुम्हीही तेच करा.

आणखी एक, आपल्याकडे पावसाळ्यात हे यंत्र घेण्याची खरी मजा आहे. जोराची सर आली की गॅलरीत काउंट चढतो, कारण हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून झालेले बिस्मथ आणि शिसं पावसाबरोबर खाली येतात, अर्धायुष्य वीस-पंचवीस मिनिटांचं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर तास-दीड तासात आलेख परत खाली. जूनच्या पहिल्या सरीला बाबा छत्री न घेता गॅलरीत उभे. पारसिकच्या डोंगरावर आकडा उलट कमीच मिळाला, आपला काळा बेसॉल्ट या बाबतीत गरीब, गुलाबी ग्रॅनाइटची फरशी जास्त देते. ओट्याचा काळा दगड ज्याला सगळे ग्रॅनाइट म्हणतात तो बऱ्याचदा खरा ग्रॅनाइट नसतोच, त्यामुळे आमच्या ओट्यावर काहीच विशेष नाही.

आता खटकलेलं. घरातली साधी वस्तू मोजायची तर रात्रभर ठेवावा लागतो, घाई असेल त्याच्या कामाचा नाही. मे महिन्यात गच्चीवर नेला तेव्हा पीक जागची सरकली होती, हे सिलिकॉन डिटेक्टर तापमानाला हळवे असतात, यंत्र स्वतः भरपाई करतं पण पुरेशी नाही, बाबांनी थोरियमच्या जुन्या गॅसबत्तीच्या जाळीवर पुन्हा कॅलिब्रेट केला. मॅन्युअल फारच त्रोटक, बाबा नसते तर मला अर्धंही जमलं नसतं. आणि कुरियरवाल्याने पार्सल तीन आठवडे अडकवलं, फोनवर कुणी धड उत्तर देत नव्हतं.

भाच्याने विचारलं यात क्रॅब नेब्युला (फुटलेल्या ताऱ्याचे आकाशातले अवशेष) दिसेल का. बाबा म्हणाले त्याला लडाखमधल्या हानलेची मेस नावाची चेरेन्कॉव दुर्बीण लागते, ४३०० मीटर उंचीवर, २१ मीटरचा आरसा. २०२४ ला तिचं उद्घाटन झालं तेव्हा बाबा दिवसभर फोनवर होते. मग बसून भाच्याला तासभर चेरेन्कॉव समजावलं, मीपण ऐकत बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकलं.

५ पैकी ४. एक तारा मॅन्युअलचा कापला.