ऑडॅसिटी फुकट असते, मी त्यासाठी 42,299 रुपये घालवले

माझी आई माणदेशातली. जात्यावर बसणं सुटून चाळीस वर्षं झाली, पण ओव्या अजून तोंडावर आहेत. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्याचं वाचलं, तेव्हापासून मनात होतं की आईच्याही जपून ठेवायच्या. घरात जुना डेस्कटॉप होता, बावीसशेचा यूएसबी माईक आणला. भाचा म्हणाला, "मावशी, ऑडॅसिटी टाक, आवाज रेकॉर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, सगळं त्यात होतं." तो पुण्याला, मी साताऱ्यात. म्हटलं, एवढं तर आपलं आपल्याला जमेल.

सर्चमध्ये नाव टाकलं आणि सगळ्यात वर आलं ते उघडलं. त्याच्या कडेला बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं होतं, ते मी नंतर पाहिलं. पान अगदी खरं वाटत होतं, हेडफोनचं चित्रसुद्धा तेच. 'आजीवन परवाना, 2,499 रुपये.' भाचा फुकट म्हणाला होता, हे आठवलं. तरी वाटलं, फुकटातलं साधं असेल, आपल्याला आईचा आवाज चांगला हवाय. पैसे भरले. नाव आणि फोन नंबर त्यांनी आधीच भरून घेतला होता.

सॉफ्टवेअर चालू झालं. दोन दुपारी आईला बसवून बारा ओव्या रेकॉर्ड केल्या. तिसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारा हिंदीत, मधूनमधून मराठीत, अतिशय आदराने. "मॅडम, तुमची एमपी3ची लायसन्स-की ॲक्टिव्ह नाही. एमपी3 फॉरमॅटला कंपनीचा परवाना लागतो, नाहीतर गाणी बाहेर काढता येणार नाहीत."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे. एमपी3वर खरोखरच पेटंटं होती आणि जुन्या ऑडॅसिटीत एमपी3 बनवायला 'लेम' नावाची फाइल वेगळी आणून टाकावी लागे. पण ते पेटंट-परवाने 2017 मध्येच संपले. आता एमपी3ची सोय ऑडॅसिटीतच असते. मी त्याच्या फोनआधी एक्स्पोर्टचं बटण एकदा जरी दाबून पाहिलं असतं, तरी त्याचं खोटं उघडं पडलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच होतं, आईच्या बारा ओव्या आत अडकल्या.

त्याने फोनवर स्क्रीन दाखवणारं एक ॲप घ्यायला लावलं. मग "नोंदणीचे फक्त दहा रुपये कार्डाने भरा." मी कार्डाचा नंबर टाकत होते आणि तो तिकडे बसून वाचत होता. ओटीपीचा मेसेज आला, तोही त्याने वाचला. लगेच दुसरा आला. "स्क्रीन बंद करू नका मॅडम, प्रोसेस चालू आहे." आधी 19,900, मग पुन्हा 19,900. बँकेचा मेसेज मी उघडला तेव्हा हात गार पडले. फोन कापला आणि मोबाइलच बंद करून टाकला. तेही चुकलंच. पहिला अर्धा तास मी नुसती आईजवळ बसून होते, तो अर्धा तास 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करण्याचा होता.

शेवटी शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवरून 1930 लावला, नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. साडेसतरा हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. ते कोर्टाच्या आदेशाने पाच महिन्यांनी मिळाले, बाकीचे गेले. बँक म्हणाली, ओटीपी तुमच्याच फोनवरून फुटला. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातही तेच होतं: ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तर तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून एकेक मिनिट मोलाचं.

पोलीस ठाण्यात सगळ्यात वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. ऑडॅसिटी ज्या जीपीएल परवान्याखाली, म्हणजे सॉफ्टवेअर कुणालाही वापरू आणि वाटू देणाऱ्या परवान्याखाली मिळते, त्यात प्रत विकायला बंदी नाही. त्यामुळे 'फुकटची वस्तू विकली' एवढ्यावर काही होत नाही. स्वतःला कंपनी म्हणवून खोटं सांगितलं, कार्ड लुबाडलं, गुन्हा तो. पण ही ऑडॅसिटी 1999 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी सुरू केली आणि 2000 पासून कुणाकडूनही पैसे न घेता जगभर वाटली जाते. तिच्या नावावर कुणी आजीवन परवाना विकतो, याची मला अजून चीड येते. पत्ता ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग. तो स्वतः टाइप करा, सर्चमधल्या पहिल्या ओळीवर जाऊ नका. कुणी 'की' मागितली, तर ऑडॅसिटीला कसलीच की नसते.

रविवारी भाचा आला. त्याने आधी प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, मग संगणक फॉरमॅट करून खरी ऑडॅसिटी टाकली. पंख्याची घरघर होती. ओवी सुरू होण्याआधीचे दोन सेकंद, जिथे आई गप्प होती आणि नुसता पंखा ऐकू येत होता, तेवढेच निवडले, नॉइज रिडक्शनमध्ये त्याचा नमुना घेतला आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगवर लावला. पहिल्यांदा जास्त लावला, तर आई पाण्याखालून गातेय असं वाटलं. कमी केला, तेव्हा तिचा आवाज आला. मग एक्स्पोर्ट, एमपी3. काही सेकंद लागले. कुणी काही मागितलं नाही.

मूळ रेकॉर्डिंग वेव्ह या न दाबलेल्या फॉरमॅटमध्येही ठेवलंय, मोनोत (एकाच चॅनेलमध्ये) मिनिटाला साधारण पाच एमबी होतं. माझ्या मावशीला, आईच्या बहिणीला, एमपी3 पाठवल्या. ती म्हणते, सातवी ओवी आईने चुकवलीय, सासरच्या वाटेची ओळच राहिली. दिवाळीत ती येणार आहे, तेव्हा दोघींना एकत्र बसवून पुन्हा घ्यायची ठरलीय.